कात्रीच्या सोयीचा नाच: निकोलस बंधूंचं हॉलिवूड प्रकरण

प्रकरण काय आहे

प्रकरण अभ्यासात माणसांची नावं झाकायची रीत आहे. इथे ती पाळण्यात अर्थ नाही, कारण या दोघांचे पाय पडद्यावर दिसले की टॅप नाचाचा कोणताही जाणकार दोन सेकंदांत नाव सांगतो. फेयार्ड आणि हॅरल्ड निकोलस, अमेरिकेतले कृष्णवर्णीय टॅप नर्तक. 1940 ते 1943 या चार वर्षांत ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या हॉलिवूड स्टुडिओच्या सहा चित्रपटांत हे भाऊ नाचले. सहाही चित्रपट आज पाहिले जातात ते बऱ्याच अंशी त्यांच्या नाचासाठी. तरी सहांत मिळून कथा पुढे नेणारी भूमिका त्यांच्या वाट्याला एकदाही आली नाही.

अमेरिकेतला वर्णद्वेष हे याचं ठरलेलं उत्तर, आणि ते खरंच आहे. पण एवढ्यावर थांबलं तर तो द्वेष कामाच्या जागी नेमका कसा चालत होता ते कळत नाही. करार कसा होता, गाणं कुठे ठेवलं जायचं, रीळ कुठे कापता यायची, कोणत्या क्षणी त्यांच्या हातात काय होतं, हे पाहायला हवं.

पार्श्वभूमी

फेयार्डचा जन्म 1914 चा, अलाबामातल्या मोबील गावचा. हॅरल्ड 1921 चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमचा. वडील ढोलवादक, आई पियानोवादक. फिलाडेल्फियातल्या स्टँडर्ड थिएटरमध्ये त्यांचा वाद्यवृंद वाजायचा आणि फेयार्ड लहानपणी पुढच्या रांगेत बसून येईल तो खेळ पाहायचा. दोघांपैकी कुणीही नाचाच्या वर्गात गेलं नाही. मोठ्याने पाहून उचललं, धाकट्याला शिकवलं. पायांकडे बघायचं नाही, प्रेक्षकांकडे बघायचं, ही वडिलांची शिकवण. ती पडद्यावर दिसते. अवघड उडीनंतरही दोघांची नजर खाली जात नाही.

1932 मध्ये ते न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या कॉटन क्लबमध्ये लागले. नाचणारे-वाजवणारे सगळे कृष्णवर्णीय, टेबलांवर बसणारे गोरे, असा तो क्लब. त्याच वर्षी यूबी ब्लेक यांच्या वाद्यवृंदासोबत एक लघुपट झाला. 1934 मध्ये सॅम्युअल गोल्डविन यांच्या ‘किड मिलियन्स’मध्ये आणि 1935 मध्ये पॅरामाउंटच्या ‘द बिग ब्रॉडकास्ट ऑफ 1936’मध्ये ते दिसले. मग लंडनमध्ये ‘ब्लॅकबर्ड्स’, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर ‘झीगफेल्ड फॉलीज’ आणि 1937 मध्ये ‘बेब्स इन आर्म्स’. या शेवटच्या दोन्हींत नृत्यरचना बॅलेतले जॉर्ज बालँचीन यांची होती. थोडक्यात, फॉक्सच्या दारात आले तेव्हा ते उमेदवार नव्हते. आठ वर्षं नाव कमावून आले होते.

टॅप पाहण्याची सवय नसलेल्यांसाठी थोडं तंत्र. बुटाच्या चवड्याला आणि टाचेला स्क्रूने धातूची पट्टी बसवलेली असते. कथकच्या तत्कारात तळवा वाजतो आणि आवाज घुंगरांचा भरतो. टॅपमध्ये घुंगरू नाही, त्यामुळे आवाज भरून निघत नाही. प्रत्येक आघात सुटा ऐकू येतो आणि चुकला तर तोही सुटाच ऐकू येतो. चवडा, टाच, घासून पुढे, घासून मागे, एवढ्या मोजक्या आघातांतून सगळं उभं राहतं. निकोलस बंधूंनी यात तीन गोष्टी आणल्या. एक, हात. बहुतेक टॅप नर्तकांचे हात तोल सांभाळायला असतात. फेयार्डचे हात वाक्य पुरं करतात. दोन, दोघांतला सवाल-जवाब. एकाने चार मात्रांचा तुकडा टाकायचा, दुसऱ्याने तो फिरवून परत द्यायचा. तीन, ज्यामुळे ते जगभर ओळखले गेले: हवेतून खाली येऊन एक पाय सरळ पुढे आणि एक सरळ मागे पसरायचा आणि हात न टेकता पुन्हा उभं राहायचं.

हे शेवटचं कसं जमतं? पडताना अंग जमिनीवर आपटत नाही. पुढच्या पायाची टाच आणि मागच्या पावलाची आतली कड आधी टेकते, पाय घसरत पसरतात आणि मांड्यांचे आतले स्नायू ब्रेक लावतात. उठताना तेच उलटं: दोन्ही पाय एकमेकांकडे ओढून घ्यायचे. लाकडी फरशी फार गुळगुळीत असेल तर पाय आवरत नाहीत, खरखरीत असेल तर घसरत नाहीत आणि सगळा धक्का जांघेला बसतो. शिवाय हे सगळं समेवर यायला हवं, नाहीतर ती नुसती कसरत होते. निकोलस बंधूंचं उठणंही तालात असायचं. पडणं बऱ्याच जणांना जमतं, खरी मेख उठण्यात आहे.

अडचण

त्या काळच्या संगीतिकेचा सांगाडा ठरलेला होता. मुलगा, मुलगी, गैरसमज, मिलन. गाणी आणि नाच या धाग्यावर ओवलेले. नाचणाऱ्याला नायक व्हायचं तर त्याला नायिका हवी. 1934 पासून कडक अमलात आलेल्या चित्रपट-आचारसंहितेत काळ्या-गोऱ्यांचं प्रेम दाखवायला मनाई होती. म्हणजे गोऱ्या नायिकेच्या चित्रपटात निकोलस बंधूंपैकी कुणीही धाग्यावर येऊच शकत नव्हता. गोरी टॅप नर्तकी एलिनॉर पॉवेल हिच्याशी तुलना केली की फरक कळतो. तीही एकटी नाचणारी, तिच्या तोडीचा जोडीदार क्वचितच मिळाला, पण मेट्रोने (मेट्रो-गोल्डविन-मेयर स्टुडिओने) तिच्याभोवती कथा रचल्या. कथेतली मुलगीच नर्तकी असल्यावर नाचाला कारण शोधावं लागत नाही.

निकोलस बंधूंसाठी जी जागा उरली तिला स्टुडिओच्या भाषेत ‘स्पेशॅलिटी’ म्हणत. नायक-नायिका क्लबमध्ये जातात, रंगमंचावर कुणीतरी येतं, तीन-चार मिनिटं नाचून जातं, कथा पुढे सरकते. या जागेचा दुसरा उपयोग वितरकांना होता. अमेरिकेच्या दक्षिणेतली काही चित्रपटगृहं आणि स्थानिक सेन्सॉर मंडळं कृष्णवर्णीय कलाकारांचे तुकडे काढून टाकत. मेम्फिसचं मंडळ यासाठी कुप्रसिद्ध होतं. तुकडा सुटा असेल तर काढायला सोपा.

किती सोपा, हे फिल्मच्या पट्टीवर पाहण्यासारखं आहे. 35 मिलिमीटर फिल्म सेकंदाला 24 फ्रेम धावते, म्हणजे 1000 फुटांची रीळ साधारण 11 मिनिटं चालते आणि चार मिनिटांचं गाणं म्हणजे सुमारे 360 फूट. कापून जोडणं पाच मिनिटांचं काम. पण आवाज आणि चित्र पट्टीवर शेजारी शेजारी छापलेले नसतात. प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारं यंत्र चित्राच्या खिडकीच्या पुढे असतं, म्हणून आवाज सुमारे 20 फ्रेम आधी छापलेला असतो. चित्रावर कात्री मारली की पाऊण सेकंदाहून थोडा जास्त आवाज भलत्याच जागी जातो. गाण्याच्या मधोमध कापलं तर सूर तुटतो आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं. टाळ्यांच्या कडकडाटात किंवा दोन प्रसंगांमधल्या शांततेत कापलं तर कुणाला पत्ता लागत नाही. ‘स्पेशॅलिटी’ नाचाच्या दोन्ही टोकांना नेमकं हेच असायचं: आधी क्लबचा गलका, शेवटी टाळ्या.

म्हणजे ज्या टाळ्या त्यांनी मिळवल्या, त्याच कात्रीच्या सोयीच्या.

समोरचे पर्याय

1940 च्या सुमारास एका कृष्णवर्णीय टॅप नर्तकापुढे काय काय होतं?

पहिला पर्याय बिल रॉबिन्सन यांचा. त्यांना कथेत जागा मिळाली, संवाद मिळाले, बालतारका शर्ली टेंपलसोबत जिन्यावर नाचायला मिळालं, पण नोकराच्या वेषात. 1935 च्या त्या जिन्याच्या नाचात म्हातारा नोकर आणि गोरी मुलगी हात धरतात, तेवढंही दक्षिणेत काही ठिकाणी कापलं गेलं. हा पर्याय भावांना वयाने आणि पिंडाने न जुळणारा. टॉप हॅट, शेपटीचा कोट आणि शहरी रुबाब हीच त्यांची ओळख होती.

दुसरा, स्टुडिओचा दीर्घ करार घेऊन ‘स्पेशॅलिटी’ करत राहणं. पैसा नियमित, पडदा मोठा, रंगीत फिल्म, उत्तम वाद्यवृंद. तिसरा, रंगमंच आणि क्लब. तिथे कात्री नव्हती, पण रोज रात्री अंग झिजवायचं. चौथा, देश सोडून युरोप. लंडन त्यांनी पाहिलं होतं आणि लंडनने त्यांना. कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी स्वतंत्रपणे निघणारे चित्रपट हा पाचवा, पण तिथे पैसा इतका कमी की मोठा सेट, चांगली फरशी आणि पुरेसा वेळ मिळणं अवघड. त्यांच्या नाचाला तिन्ही लागत.

काय केलं

त्यांनी दुसरा निवडला. 1940 च्या ‘डाउन अर्जेंटाईन वे’मध्ये त्यांचा नाच इतका गाजला की प्रेक्षकांनी पाय आपटून रीळ मागे घ्यायला लावल्याच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. फॉक्सने पाच वर्षांचा करार पुढे केला, भावांनी तो घेतला.

त्यानंतरच्या चित्रपटांत एक गोष्ट बदलत गेली आणि एक तशीच राहिली. बदलला तो नाच. फॉक्सचे नृत्यदिग्दर्शक निक कॅसल यांच्याशी त्यांचं चांगलं जमलं. कॅसल कल्पना सुचवायचे आणि भाऊ ती पायांत बसवायचे. 1942 च्या ‘ऑर्केस्ट्रा वाइव्ज’मध्ये भिंतीवर धावत चढून, मागे कोलांटी घेऊन थेट पसरलेल्या पायांवर उतरणं हे त्या जोडकामाचं फळ. दहा वर्षांनी भिंतीवरच्या कोलांट्यांसाठी डॉनल्ड ओकॉनर प्रसिद्ध झाला, पण तो पायांवर उभा उतरतो.

तशीच राहिली ती जागा. 1941 च्या ‘सन व्हॅली सेरेनेड’मधलं ‘चट्टानूगा चू चू’ घ्या. आधी ग्लेन मिलरचा बँड आणि त्याचे गायक गाणं म्हणतात, अगदी सुरुवातीपासून शेवटापर्यंत. मग त्याच चालीवर कृष्णवर्णीय गायिका-नटी डॉरथी डँड्रिज आणि निकोलस बंधू आगगाडीच्या सेटसमोर येतात. पुढच्या वर्षी ‘ऑर्केस्ट्रा वाइव्ज’मध्ये ‘कॅलमझू’ची बांधणी हीच: आधी बँडचे गोरे गायक, मग भाऊ. दुसरा भाग काढला तरी गाणं अपुरं वाटत नाही. जास्त चांगला भाग शेवटी ठेवायचा हा रंगमंचाचा जुना नियम आहे, आणि इथे तो पाळल्यासारखा दिसतो. पण शेवटी ठेवलेलं काढायलाही सोपं जातं. ही रचना मुद्दाम कात्रीसाठी केली होती असा कागदोपत्री दावा इथे करायचा नाही. परिणाम मात्र तोच.

‘द ग्रेट अमेरिकन ब्रॉडकास्ट’मध्ये ते रेल्वे स्थानकावरचे हमाल, ‘टिन पॅन अॅली’मध्ये अरबी सोंग. कपडे बदलले, जागा बदलली नाही.

मग 1943. ‘स्टॉर्मी वेदर’. सगळा नटसंच कृष्णवर्णीय: लीना हॉर्न, बिल रॉबिन्सन, कॅब कॅलोवे, फॅट्स वॉलर, कॅथरीन डनहॅमचा नृत्यसंच. इथे कात्रीचा प्रश्नच नव्हता, कारण कापायचं तर अख्खा चित्रपट कापावा लागला असता. कॅलोवे गात असतो, भाऊ टेबलावरून उठतात, वादकांच्या मधून उड्या घेत जातात, पियानोवर चढतात, तिथून पाय पसरून खाली. मग तो जिना. पांढरा, भल्यामोठ्या पायऱ्यांचा. एक जण पायरीवर पाय पसरून बसलेला, दुसरा त्याच्या डोक्यावरून उडी मारून खालच्या पायरीवर पाय पसरून उतरतो. तेवढ्यात वरचा उठतो आणि याच्या डोक्यावरून त्याच्या खालच्या पायरीवर. असं आळीपाळीने तळापर्यंत. हॉलिवूडचे नामांकित नर्तक-नायक फ्रेड आस्टेअर यांना संगीतिकांमधला हा सर्वोत्तम नाच वाटायचा, असं सांगतात.

भावांनी पुढे मुलाखतींत सांगितलं की कॅसल यांनी जिन्याची तालीम करू दिली नाही आणि पहिल्याच टेकमध्ये काम झालं. ऐकायला हे धाडस वाटतं. कामाच्या दृष्टीने हिशेब आहे. संगीत पाठ, पावलं पाठ, एकट्याची उडी हजारदा मारलेली. नवीन होती फक्त पायरी. प्रत्येक तालमीत मांडीचे आतले स्नायू थकणार आणि दहाव्या तालमीनंतरचा टेक पहिल्यापेक्षा वाईट येणार. ताज्या अंगाचा एक प्रयत्न राखून ठेवणं शहाणपणाचं. शिवाय अशा नाचात कॅमेऱ्याने डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण माणूस सलग दाखवावा लागतो. मध्ये तोडलं की प्रेक्षकाला शंका येते की दुसऱ्या वेळी उडी घेतली असेल. म्हणून चूक झाली तर तुकडा जोडता येत नाही, सगळं पहिल्यापासून.

आवाजाचंही सांगायला हवं. तेव्हाची रीत अशी: संगीत आधी ध्वनिमुद्रित करायचं, सेटवर ते वाजवून त्यावर नाचायचं, आणि टॅपचा आवाज नंतर वेगळा घ्यायचा, कारण सेटवरच्या मायक्रोफोनमध्ये वाजणारं संगीतही शिरतं. नर्तक नंतर ध्वनिमुद्रण कक्षात लाकडी फळीवर उभा राहतो, पडद्यावर स्वतःला पाहतो आणि तेच आघात पुन्हा वाजवतो. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. मिनिटाला 240 मात्रांच्या जलद लयीत एक मात्रा 6 फ्रेमची आणि अर्धी मात्रा 3 फ्रेमची. दोन फ्रेम चुकलं तरी डोळा आणि कान भांडायला लागतात. म्हणून ठरलेल्या रचनेत नाचणारा इथे सोयीचा, आयत्या वेळी पावलं सुचणारा अडचणीत येतो. भाऊ रंगमंचावर दोन्ही करत. पडद्याने त्यांच्यातला पहिलाच नर्तक ठेवून घेतला.

वळण: 1944 ते 1948

‘स्टॉर्मी वेदर’ हा फॉक्ससाठीचा त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. फेयार्डला लष्करात जावं लागलं. हॅरल्डने एकट्याने 1944 मध्ये ‘रेकलेस एज’ आणि ‘कॅरोलायना ब्लूज’ केले. जागा तीच, ‘स्पेशॅलिटी’. एकट्याचा नाच पाहिला की जोडीत सवाल-जवाबाचं किती वजन होतं ते लक्षात येतं.

1946 मध्ये ब्रॉडवेवर ‘सेंट लुइस वूमन’ आलं. हॅरल्ड आर्लन यांचं संगीत, जॉनी मर्सर यांची गीतं. धाकट्या हॅरल्डला त्यात मध्यवर्ती भूमिका होती, घोड्यांच्या शर्यतीतल्या जॉकीची, आणि ‘कम रेन ऑर कम शाइन’ हे पुढे अमर झालेलं द्वंद्वगीत रंगमंचावर पहिल्यांदा त्याने आणि रूबी हिलने गायलं. फेयार्डलाही पात्र होतं. त्यातलं कृष्णवर्णीयांचं चित्रण जुन्या साच्यातलं असल्याची जोरदार टीका झाली आणि ती निराधार नव्हती. प्रयोग 113 झाले. पण या प्रकरणासाठी त्याचं महत्त्व वेगळं आहे. हॅरल्ड भूमिका पेलू शकतो, गाऊ शकतो, कथा वाहून नेऊ शकतो, याचा पुरावा हॉलिवूडपासून एका देशाच्या अंतरावर रोज रात्री उपलब्ध होता.

1948 मध्ये मेट्रोच्या ‘द पायरेट’मध्ये नर्तक-नायक जीन केलीने त्यांना ‘बी अ क्लाउन’ या गाण्यात आपल्यासोबत घेतलं. कथेत केली फिरत्या नाटक मंडळींचा म्होरक्या आहे, फाशीपूर्वी एक शेवटचा खेळ करू द्या अशी मागणी करतो. तिघे एकाच चौकटीत, सारख्याच तोलाने. गोऱ्या नायकाने कृष्णवर्णीय नर्तकांसोबत असं बरोबरीने नाचणं तेव्हा दुर्मिळ होतं. ‘स्पेशॅलिटी’तून बाहेर पडायची ही खरी वाट होती: नायकच चौकटीत असेल तर कापणार कसं?

कापलं. दक्षिणेतल्या काही शहरांत हे गाणं वगळून चित्रपट दाखवला गेला. आणि ते शक्य झालं, कारण चित्रपटाच्या शेवटी हेच गाणं पुन्हा येतं, केली आणि नायिका जूडी गार्लंड यांच्यावर चित्रित केलेलं. चित्रपटाचं नावाजलेलं गाणं प्रेक्षकाला मिळालंच, फक्त दोन माणसं गायब. ‘चट्टानूगा’मध्ये गोरा भाग आधी होता, इथे नंतर, हिशेब तोच. आणखी एक गोष्ट नाच पाहताना खटकते. या गाण्यात टॅप फार थोडा आहे. उड्या, लोळणं, विदूषकी, म्हणजे केलीच्या ताकदीची भाषा. भावांनी ती लीलया पेलली, पण त्यांचे हात आणि पायांतला सवाल-जवाब तिथे नाही.

परिणाम

त्याच वर्षी ते लंडनमध्ये राजघराण्यासमोर नाचले आणि पुढची बरीच वर्षं युरोपात गेली. हॅरल्ड पॅरिसला स्थिरावला, फेयार्ड आधी परतला. अमेरिकी संगीतिका तोवर ओसरू लागल्या होत्या, त्यामुळे परत यायला जागा उरली नव्हती. जोडी 1960 च्या दशकात पुन्हा दूरचित्रवाणीवर एकत्र दिसली. 1989 मध्ये ब्रॉडवेवरच्या ‘ब्लॅक अँड ब्लू’च्या नृत्यरचनेसाठी फेयार्डला इतर तिघांसोबत टोनी हा रंगभूमीचा पुरस्कार मिळाला, 1991 मध्ये दोघांना केनेडी सेंटरचा सन्मान. ‘स्टॉर्मी वेदर’ 2001 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदीत गेला. हॅरल्ड 2000 मध्ये गेला, फेयार्ड 2006 मध्ये.

अंगाने किंमत मागितलीच. फेयार्डला संधिवाताने गाठलं आणि खुब्यांवर शस्त्रक्रिया करावी लागली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णयबिंदू 1940 चा करार. भावांची किंमत तेव्हा शिखरावर होती. पैशाऐवजी निदान एका चित्रपटात नाव असलेलं, दोन-चार प्रसंगांत येणारं पात्र मागता आलं असतं. 1935 मध्ये पॅरामाउंटने त्यांना पात्रांची नावं दिली होतीच. तेव्हा हॅरल्ड मुलगाच होता, फेयार्ड जेमतेम विशीचा, आणि अशी पोरसवदा जोडी प्रेमकथेच्या आड येत नाही. 1940 मध्ये फॉक्सने ही मागणी मान्य केली असती का? शंका आहे. पण करारात न मागितलेली गोष्ट स्टुडिओ आपणहून देणार नव्हता.

दुसरा, खेळाची घडण. ‘स्टॉर्मी वेदर’मध्येच बिल रॉबिन्सन आहेत, साठी ओलांडलेले, ताठ उभे राहून चवड्यांवर नाचणारे. त्यांच्या नाचात साठीनंतर सोडून द्यावं लागेल असं काही नाही. निकोलस बंधूंची ओळख मात्र वर्षागणिक उडी आणि पसरलेले पाय याभोवती घट्ट होत गेली, आणि हे भांडवल पस्तिशीनंतर आटतं. त्यांच्याकडे संथ, उभ्याचा नाच नव्हता असं नाही. फेयार्डच्या वरच्या अंगाचं काम पाहिलं तर त्यावर एक अख्खं गाणं बांधता आलं असतं. पण साडेतीन मिनिटं मिळणाऱ्या माणसाला ‘टाळीची जागा’ सोडवत नाही. आधीच्या चित्रपटात भिंत चढली तर पुढच्यात जिना हवा. या चढाओढीला भाऊ आणि कॅसल दोघेही जबाबदार होते, आणि प्रेक्षकही.

तिसरा, श्रेय. भावांचा नाच बहुतांशी त्यांचाच होता, पण नृत्यदिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव श्रेयनामावलीत आलं नाही. त्या काळी कृष्णवर्णीय नृत्यदिग्दर्शकाला स्टुडिओत श्रेय मिळणं किती कठीण होतं हे लक्षात घेतलं तरी, नाचणं थांबल्यावर पोट भरायला तीच वाट होती. फेयार्डला ती सापडली तेव्हा तो सत्तरी ओलांडून गेला होता.

चौथा बिंदू भावांच्या हातातला नव्हता, केलीच्या आणि मेट्रोच्या हातातला होता. नायकाला चौकटीत आणून गाणं वाचवता येईल हा विचार बरोबर होता, पण अर्धाच. शेवटच्या प्रसंगात केली आणि गार्लंडसोबत भाऊही असते तर दक्षिणेतल्या वितरकाला चित्रपटाचा शेवटच काढावा लागला असता, आणि शेवट नसलेला चित्रपट कुणी दाखवत नाही. त्यासाठी कथेत काही फिरवायचीही गरज नव्हती. नाटक मंडळी तीच, गाणं तेच, सोंग विदूषकांचंच. आणखी दोन विदूषक तिथे सहज मावले असते.